पिकअपच्या टाकीचा हिशेब

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेत 'पिकअपचे अ‍ॅव्हरेज' हे शब्द वाचले गेले तेव्हा मागच्या रांगांत हसू फुटले, ते आम्ही ऐकले. हसणाऱ्यांचे चुकले नाही. कापसाचा भाव, बँकेचे कर्ज, विजेचे बिल हे सगळे बाजूला ठेवून संघटनेने गाडीच्या डिझेलवर बोलावे हे कोणालाही विचित्रच वाटेल. शिवाय काटकसरीचा उपदेश ऐकून शेतकऱ्याचे कान किटले आहेत. भाव मागायला गेले की साहेब सांगतात, खर्च कमी करा. खत कमी टाका, फवारणी कमी करा, पोरीच्या लग्नात खर्च कमी करा. त्या साहेबांच्या पंगतीत बसायला आम्ही आलेलो नाही.

आम्ही आलो आहोत हिशेबासाठी. उत्पादन खर्चावर आधारित भाव ही आपली जुनी, एककलमी मागणी. ती मांडायची म्हणून शेतकऱ्याने पहिल्यांदा कागद-पेन्सिल हातात घेतली आणि बियाणे, डवरणी, निंदण, वेचणी, बैलजोडीचा रोज असे एकेक कलम लिहून काढले. पण माल बांधावरून बाजारात नेण्याचा खर्च आजही आपण कसा सांगतो? "जाऊन येऊन हजार-बाराशे गेले असतील." गेले असतील! व्यापाऱ्याने काट्यावर किलोभर कापूस मारला तर आपण रस्त्यावर उतरतो, आणि हजार-बाराशेच्या मधले दोनशे रुपये आपल्या खिजगणतीतही नसतात. आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो तेव्हा एका वाफ्यातली ज्वारी ग्रॅमपर्यंत तोलून घेत असू. तो वाफ्यातला माल बाजारात जातो कसा, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आला नाही.

पूर्वी हा खर्च डोळ्यांना दिसत नव्हता. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा आपण बैलगाडीने केंद्रावर जायचो आणि रांगेत गाडीखाली झोपायचो. त्यात जायचा तो बैलांचा कडबा आणि माणसाची झोप. दोन्ही घरचे, म्हणून दोन्ही फुकट धरले गेले. आता तसे राहिलेले नाही. २००५ साली छोटा हत्ती रस्त्यावर आला, पाठोपाठ पिकअप गावोगाव पोचल्या. शिकलेल्या पोराला नोकरी नाही, कोरडवाहू पाच एकरांत भागत नाही, म्हणून बापाने सातबारा गहाण टाकून पोराला पिकअप घेऊन दिली, अशी घरे या मंडपात किती आहेत ते हात वर करायला न लावताही आम्हाला माहीत आहे. त्यातल्या काही गाड्या हप्ते थकल्यामुळे ओढून नेल्या गेल्या, तेही माहीत आहे. त्या पोरांना विचारले तर म्हणतात, "धंदा तर भरपूर होता, पैसा कुठे गेला ते समजलं नाही." तो कुठे गेला ते समजावे म्हणून आजचा हा विषय.

सरकारच्या वाट्याचे आधी सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला. जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. २०२० साली जगात कच्चे तेल कोसळले तेव्हा बाजार मोकळा असता तर डिझेल स्वस्त व्हायला हवे होते. झाले उलटेच. मे २०२० मध्ये केंद्राचा उत्पादन शुल्क लिटरला ३१ रुपये ८३ पैशांवर नेऊन ठेवला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये त्यातून कमी केले. म्हणजे कापसाचा भाव पडला तर ती बाजाराची मर्जी, आणि तेलाचा भाव पडला तर ती तिजोरीची कमाई. ही लढाई आपण सोडलेली नाही. पण लिटरचा भाव दिल्लीत ठरतो आणि लिटर किती जळायचे ते आपल्या पांदणीत ठरते. दुसरी गोष्ट मोजायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मोजायचे कसे? बहुतेकांचा हिशेब काट्यावर चालतो. काटा अर्ध्यावर आला, पाचशेचे टाकले, पुन्हा अर्ध्यावर आला, पाचशेचे टाकले. डिझेलचा काटा हा अंदाज सांगायला लावलेला असतो, हिशेब सांगायला नाही. खरी रीत टाकी ते टाकी. पंपावर टाकी भरायची, नोझल स्वतःहून पहिल्यांदा बंद पडेल तिथे थांबायचे, त्याच वेळी मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. मग गाडी चालवायची. पुन्हा टाकी तितकीच भरायची. या वेळी जितके लिटर बसले तितके मधल्या काळात जळले. मीटरचा फरक भागिले ते लिटर, झाले अ‍ॅव्हरेज. शक्यतो पंप तोच, नोझल तेच, गाडी सपाटीवर उभी. एका बाजूला कललेल्या गाडीत लिटर-दोन लिटरची गफलत सहज होते.

इथे कोणी म्हणेल, साहेब, टाकी भरायला एकदम पैसे कुठले? बरोबर आहे. तर मग टाकी फक्त दोनदा भरा, महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. मधे तीनशेचे टाका, पाचशेचे टाका, फक्त दर वेळी लिटर लिहा, रुपये नाही. पहिली भरलेली टाकी सोडून नंतरचे सगळे लिटर, शेवटच्या भरण्यासकट, बेरजेला घ्या. महिन्याचा हिशेब चोख निघतो.

एक चूक शिकलेली पोरेही करतात. समजा एका खेपेत गाडी ४०० किलोमीटर चालली, २५ लिटर लागले, अ‍ॅव्हरेज १६. दुसऱ्या खेपेत १०० किलोमीटर, १० लिटर, अ‍ॅव्हरेज १०. पोरगा १६ आणि १० ची सरासरी काढतो आणि म्हणतो १३. ते चूक. एकूण ५०० किलोमीटर भागिले एकूण ३५ लिटर, उत्तर १४.२८. सरासरीची सरासरी काढायची नाही. आमच्या हवामान खात्याच्या पावसासारखे होते. जिल्ह्याची सरासरी भरते आणि आपल्या शिवारात कपाशी वाळते.

मीटरही तपासून घ्या. हमरस्त्यावर किलोमीटरचे दगड असतात. वीस दगड मोजा आणि मीटर किती पुढे गेले ते पाहा. घासलेल्या टायरचा घेर कमी होतो, चाक जास्त वेळा फिरते, मीटर जास्त किलोमीटर दाखवते. नवे टायर आणि गुळगुळीत टायर यांत शंभराला दोन किलोमीटरचा फरक पडू शकतो. म्हणजे टायर बदलल्याबरोबर अ‍ॅव्हरेज घसरले असे वाटले तर गाडीला दोष देऊ नका, आधी दगड मोजा.

आणि पंपाचे माप. "तो पंप मारतो" असे आपण चहाच्या टपरीवर बोलतो, पंपावर बोलत नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र यंत्रणेने पडताळलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते. ग्राहकाने मागितले तर त्यात डिझेल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्या पलीकडे नाही. हक्काने मागा. सकाळी थंडीत भरले की जास्त मिळते, ही समजूत मात्र सोडा. दहा अंशांच्या फरकाने डिझेल शंभर लिटरला जेमतेम ०.८ लिटर फुगते, आणि जमिनीखालच्या टाकीत दिवसभरात तेवढा फरक पडतही नाही.

आता खरी गोम. अ‍ॅव्हरेज चांगले म्हणजे धंदा चांगला, असे नाही. गाडी रिकामी फिरवा, अ‍ॅव्हरेज उत्तम येते! आपल्याला किलोमीटर विकायचे नाहीत, माल पोचवायचा आहे. म्हणून पहिला आकडा क्विंटलमागे किती लिटर, हा धरा. हिशेबापुरते धरू की बाजार ४० किलोमीटरवर आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर. रिकामी गाडी १५ चे अ‍ॅव्हरेज देते. १५ क्विंटल भरली तर ११ चे, ८ क्विंटल भरली तर १३ चे. पंधरा क्विंटलच्या खेपेला जाताना ३.६ लिटर, येताना २.७, मिळून ६.३. क्विंटलमागे ०.४२ लिटर, म्हणजे ३८ रुपये. आठ क्विंटलच्या खेपेला मिळून ५.७५ लिटर, क्विंटलमागे ०.७२ लिटर, म्हणजे ६५ रुपये. दुसऱ्या खेपेचे अ‍ॅव्हरेज जवळजवळ १४ पडते, पहिल्याचे १३ सुद्धा नाही. वाहवा दुसऱ्याची होते आणि क्विंटलमागे २७ रुपये त्याचेच जास्त जातात. शेजारच्या दोघांनी एकाच दिवशी माल काढला आणि गाडी भरून नेली तर कोणतेही यंत्र, कोणतेही औषध न वापरता हे २७ रुपये वाचतात. परतीला सरकी ढेप, खत, सिमेंट, काहीही मिळाले तर तो अर्धा रस्ता कापसाच्या खात्यातून वजा करा.

गाडी भरा म्हणतो म्हणजे कशीही भरा म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड ठेवला आहे. हौद्याच्या बाहेर माल आला तरी २० हजार. एका दंडात हंगामाचे डिझेल जाते.

आपला माल दोन जातींचा. ज्वारीची पोती जड, पण हौद्यात खाली बसतात. तिथे खर्च वजनाचा. कापूस हलका, पण फुगतो, टपाच्या वर जातो. तिथे खर्च वाऱ्याचा. कडब्याचेही तेच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० चे ८० केले तर वेग सव्वापट-दीडपटीच्या मधे वाढतो, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोनपट होतो. चाळीस किलोमीटरला ६० ने ४० मिनिटे लागतात, ८० ने ३०. दहा मिनिटे वाचवायला डिझेल जाळायचे आणि मग जिनिंगच्या दारात चार तास रांगेत बसायचे, हा कुठला शहाणपणा? कापसाची गाडी ५० ते ६० च्या मधे, वरच्या गिअरमध्ये, ताडपत्री फडफडणार नाही अशी आवळून न्यावी. फडफडणारी ताडपत्री म्हणजे उलटे लावलेले शीड.

ज्वारीच्या जड गाडीला मुख्य शत्रू ब्रेक. हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडून पाहिला. मालासकट तीन टन वजनाची गाडी उभ्याची ताशी ६० वर आणायची. लिटरभर डिझेलमधल्या शक्तीचा शंभरातला तीस वाटा चाकाला मिळतो असे धरले तर या एका वेग घेण्याला सुमारे ४० मिली डिझेल लागते. गतिरोधक आयत्या वेळी दिसला, करकचून ब्रेक मारला, ते ४० मिली ब्रेकच्या उष्णतेत गेले. पंचवीस वेळा असे झाले की लिटर संपला. लांबून पाय काढून घेणारा ड्रायव्हर आणि गतिरोधकापर्यंत पाय दाबून ठेवणारा ड्रायव्हर यांत हाच फरक.

उतारावर गाडी न्यूट्रल करायची आणि 'फुकटात' उतरवायची, ही सवय जुन्या टेम्पोवाल्यांकडून आली आहे. ती दोन्ही अंगांनी वाईट. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागते. आणि चावीच बंद केली तर ब्रेकला मिळणारी मदत संपते, काही गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. घाटात असे किती जीव गेले ते आठवा आणि ही सवय आजच सोडा.

रांगेत गाडी चालू ठेवून बसू नका. अशा इंजिनाला नुसते उभे राहायला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागतो. पुढची गाडी हलली की सुरू करा, नाहीतर बंद. बॅटरी चांगली असेल तर भीती नाही. बॅटरी खराब आहे म्हणून गाडी बंद करत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी वर्षभर रांगेत जाळलेल्या डिझेलची किंमत काढून बॅटरीच्या शेजारी ठेवावी.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. आपल्या धुळीत हवेची जाळी लवकर तुंबते, म्हणून कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बघावी. चढावर काळा धूर दिसला तर ते न जळलेले डिझेल आहे, मिस्त्रीकडे न्या. २०२० नंतरच्या नव्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी धुराची गाळणी असते. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच मारल्या तर ती साफ होत नाही, गाडी स्वतःच जादा डिझेल जाळून ती साफ करायला बघते. अधूनमधून लांबचा रस्ता दाखवावा.

आणि नळीवर लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या घेऊन कोणी आला तर त्याला दारातूनच रामराम करा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली शंभरावर साधने तपासली, बहुतेकांचा उपयोग शून्य निघाला. त्याच्याकडे प्रमाणपत्र असेल, तुमच्याकडे वही आहे. म्हणावे, चार टाक्यांनंतर पैसे देतो. थांबत नाही तो.

सगळ्यांत जास्त डिझेल मात्र हमरस्त्यावर जळत नाही, ते जळते पांदणीत. डांबरी रस्त्यावर चाक जितक्या सहज फिरते त्याच्या चौपट-पाचपट जोर भुसभुशीत मातीत लागतो, आणि काळी ओली असली की त्याहून जास्त. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत गेलेले ते तीन किलोमीटर वहीत वेगळे दिसत नाहीत, सगळे अ‍ॅव्हरेज खाली ओढतात. एक हंगामी प्रयोग करा. एक टाकी वावरातून माल उचलून, दुसरी टाकी बैलगाडीने माल डांबरीपर्यंत आणून. ज्यांच्याकडे बैल उरले आहेत त्यांनी तर नक्कीच. दोन टाक्यांतला फरक लिटरमध्ये लिहा आणि तो कागद ग्रामसभेत ठेवा. २०२१ साली शासनाने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली. अर्ज करताना "रस्ता खराब आहे" असे लिहिले तर साहेब म्हणतात, सगळ्यांचाच खराब आहे. "या रस्त्यापायी आमच्या गावाने हंगामात इतके लिटर जादा जाळले" असे लिहून खाली वह्यांच्या नकला जोडल्या तर त्याला उत्तर द्यावे लागते.

एका गावची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. दहा-बारा जणांच्या गटाने पिकअप घेतली, गावातल्याच भूमिहीनाच्या पोराला ड्रायव्हर ठेवले. पोरगा सरळ. आठ-दहा महिन्यांनी डिझेल जास्त लागू लागले. वही नव्हतीच. कुजबुज सुरू झाली, पोरगा डिझेल विकतो. तोंडावर कोणी बोलले नाही, पण रोज टाकीत काठी घालून बघायला लागले. पोराला ते समजले आणि एका सकाळी चावी ठेवून तो पुण्याला निघून गेला. नवा ड्रायव्हर आला, डिझेल तितकेच. तेव्हा कुठे गटाने आम्हाला बोलावले आणि वही सुरू झाली. चार टाक्या मोजल्या. भरलेल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज कमी, रिकामीचेही तितकेच कमी, नोंद पंपाच्या बिलाशी जुळणारी. म्हणजे डिझेल बाहेर जात नव्हते, गाडीच खात होती. ब्रेक फारसा न लावता दहा किलोमीटर चालवली, उतरून चारही चाकांच्या मध्यावर हात नेला. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेववेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, ते चाक महिनोन् महिने ब्रेक लावूनच पळत होते. केबल आणि ब्रेक शू बदलले, अ‍ॅव्हरेज जागेवर आले. पोरगा अजून पुण्यातच आहे. गटातले दोघे त्याला आणायला गेले होते, आला नाही.

ड्रायव्हरच्या बाजूनेही वही हवी ती यासाठी. मालक वही मागतो तो संशयाने, असे ड्रायव्हरला वाटते. दोघांनी मिळून लिहावी, दोघांनी सही करावी.

ज्यांच्याकडे गाडी नाही, आणि या मंडपात तेच जास्त आहेत, ते म्हणतील आम्हाला काय? भाडे तुम्हीच देता ना! गाडीवाला म्हणतो डिझेल वाढले, भाडे वाढवा. तुम्ही म्हणता लुटतो. दोघांपाशी आकडा नाही, म्हणून भांडण आवाजावर मिटते. क्विंटलमागे किती लिटर, हे गावाला ठाऊक असेल तर डिझेल लिटरला २ रुपयांनी वाढल्यावर भाडे किती वाढावे ते पारावर बसून काढता येते. वरच्या उदाहरणात भरलेल्या गाडीला ती वाढ क्विंटलमागे ८४ पैसे पडते. गाडीवाला दहा रुपये मागत असेल तर ते डिझेलचे नाहीत, कशाचे ते त्याने सांगावे. त्याच्या हप्त्याचे आणि टायरचे असतील तर तेही खरे असू शकतात. तोही आपलाच पोरगा आहे, त्याची गाडी ओढून नेली तर उद्या माल न्यायला बाहेरचा येईल आणि तो सांगेल ते भाडे.

फायदा किती म्हणाल तर महिन्याला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी १२ वरून साडेतेरावर आली तर महिन्याला साडेअठरा लिटर वाचतात, वर्षाला २२२ लिटर, ९० च्या भावाने वीस हजार रुपये. ज्याच्या गाडीचा हप्ता असेल त्याने तो शेजारी लिहून बघावा. आणि ज्यांची गाडी ८ चे अ‍ॅव्हरेज देते त्यांनी निराश होऊ नये, आधी त्यांनीच सुरुवात करावी. हजार किलोमीटरला ८ चे ९ झाले तर १४ लिटर वाचतात, १४ चे १५ झाले तर पाचसुद्धा नाहीत.

वहीला रकाने सात: तारीख, मीटर, लिटर, टाकी पूर्ण की अर्धवट, माल कोणता, क्विंटल किती, पांदणीतून की डांबरीवरून. शेरा लिहायला जागा ठेवा. टायर बदलले, रांगेत उभे राहिलो, पाऊस होता. शाळेची शंभर पानी वही पुरते. प्रत्येक तालुक्यातून पाच गाड्यांच्या वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणायच्या, वेचणीच्या पहिल्या खेपेपासूनच्या. बेरजा आपण इथे एकत्र बसून करू, आणि कापसाच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात वाहतुकीचा रकाना त्यातूनच भरू. ज्यांच्या गाडीचे मीटरच बंद आहे त्यांनी आधी ते दुरुस्त करून घ्यावे आणि मगच पहिली टाकी भरावी.